जीपच्या दांड्याचा इतिहास

आमच्या मुक्ताईनगर तालुक्याचा इतिहास लिहायला बसलं की माणूस चांगदेवापासून सुरुवात करतो, मुक्ताबाईच्या देवळापाशी येतो अन् हतनूर धरणापाशी थांबतो. ज्या जीपगाडीला लटकून इथली माणसं वर्षानुवर्षं हिंडली, तिचं नाव कोणी घेत नाही. मीही जीपचा सगळा इतिहास सांगणार नाही. तिच्या गिअरच्या दांड्याचा तेवढा सांगतो. तसा एक दांडा आमच्या घरानं बनवून घेतला होता, आणि त्याच्यापायी एकदा घर बुडता बुडता राहिलं.

जीप मूळची अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली, विलीज कंपनीची. स्वातंत्र्याच्या सुमाराला महिंद्रा कंपनीनं मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. आमच्या लहानपणी जीप दिसली म्हंजे तहसीलदार, फौजदार, नाहीतर निवडणूक. गाडी पेट्रोलची. चार सिलिंडर, 2200 सीसीच्या आसपास इंजिन, अन् गिअर तीनच. पण ड्रायव्हरच्या बाजूला दांडेही तीन उभे असत. एक गिअरचा, एक पुढच्या चाकांना जोर द्यायचा, एक चिखलात लागणाऱ्या हळू चालीचा. गिअरच्या दांड्याची मांडणी अशी, की डावीकडं पुढं ढकलला तर रिव्हर्स, मागं ओढला तर पहिला. उजवीकडं पुढं दुसरा, मागं तिसरा. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

1973 साली अरब-इस्रायल लढाई झाली, तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलची जीप पोसणं अवघड झालं. महिंद्रानं आपल्या ट्रॅक्टरचं इंटरनॅशनल डिझेल इंजिन जीपला बसवलं, पुढं प्युजो कंपनीच्या नमुन्याचं 2112 सीसीचं आणलं. नवी गाडी घेणाऱ्याचं भागलं. ज्याच्याकडं जुनी पेट्रोल जीप, त्यानं काय करावं? त्यानं इंजिन बदललं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, अपघातात गेलेल्या गाडीतून, मिळेल तिथून डिझेल इंजिन आणायचं अन् जुन्या चासीत बसवायचं. डिझेल इंजिनाला जोर भरपूर, पण ते पेट्रोलइतकं जोरात फिरत नाही. तीन गिअरांत त्याची चाल बसत नाही. म्हणून मागोमाग चार गिअरचा गिअरबॉक्सही येई. दांड्याची भानगड इथंच सुरू होते.

आमचं नदीकाठचं शेत हतनूरच्या पाण्यात गेलं. मोबदला आला, तेव्हा आमच्या आबांचं म्हणणं होतं की दुसरीकडं जमीन घ्यावी. दादानं, म्हंजे माझ्या मोठ्या भावानं, लिलावातली जुनी जीप घेतली. आबा सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. पेट्रोलवर परवडेना म्हणून 1986 साली महामार्गावरच्या एका गॅरेजात डिझेल इंजिन अन् चार गिअरचा बॉक्स बसवला. इंजिन बदलल्याची नोंद दादानं पुस्तकावर करून घेतली, तेवढा तो नेटका. पुढच्या चाकांचे दोन दांडे निघाले. जीप मागच्या दोन चाकांवर आली.

नवं इंजिन लांब, त्यामुळं गिअरबॉक्स नऊ-दहा इंच मागं सरकला. दांडा निघाला तो थेट सीटच्या लोखंडी पेटीशी, ड्रायव्हरच्या मांडीला चिकटून. आता कोणीही म्हणेल, गरम करून पुढं वाकवा. थोडा वाकवला तर चालतं. पण दांडा झाकणातल्या गोळ्यावर डुलतो. मूठ गोळ्याच्या फार पुढं नेली की ती पुढं-मागं जायची सोडून वर-खाली व्हायला लागते. गिअर टाकतोय का हापसा मारतोय ते कळत नाही.

म्हणून गॅरेजवाल्यानं दुसरी तऱ्हा केली. पुढं योग्य जागी नवा दांडा उभा केला. त्याला चासीवर स्टँड वेल्ड केलं, स्टँडात पिन घातली. पिनीच्या खाली लोंबणाऱ्या टोकापासून एक सळई मागं नेऊन जुन्या, कापून ठेवलेल्या दांड्याच्या खुंटाला जोडली. चालू झालं. फक्त गिअर उलटे पडू लागले. पिनीच्या खाली सळई जोडली की मूठ पुढं गेल्यावर सळई मागं जाते. नव्या बॉक्सचा पहिला गिअर पुढं होता, तो मागं आला. दादाला उलट बरंच वाटलं, कारण जुन्या तीन गिअरच्या जीपला पहिला मागंच होता. त्याचा हात तोच.

चारेक महिने गाडी चालली. महाशिवरात्रीला चांगदेवाची यात्रा, त्या दिवशी खेपांवर खेपा. आत बारा-पंधरा, मागं लटकलेले वेगळे. हे कायद्यात नव्हतं, पण एस.टी. जिथं जात नव्हती तिथल्या माणसानं यात्रेला जावं कसं? पूर्णेकाठच्या उताराला दादानं दुसरा गिअर टाकून पाय सोडला, अन् दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला आला. इंजिनाची पकड गेली, भरलेली गाडी मोकळी धावली. ब्रेक दाबून दाबून त्यानं ती बांधाला घासली, पुढं कपाशीच्या पळाट्यांत घातली. कोणी मेलं नाही. एका म्हातारीचा हात मोडला. संध्याकाळी तिची माणसं आमच्या ओट्यावर बसली होती. दवाखाना आम्ही केला. आबा त्या रात्री एकच बोलले, "जमीन पाण्यात गेली, आता पोरगा कशात घालतो?"

गॅरेजवाला म्हणे, ड्रायव्हरचा हात चुकला. दादा गाडी घेऊन भुसावळला गेला, सोबत मी. तिथं रेल्वेतून निवृत्त झालेले एक टर्नर काका होते, घराच्या पडवीत लहान लेथ लावलेला. भुसावळच्या आसपास असं पाहायला मिळायचं. वाफेच्या इंजिनांचं शेड, ऑर्डनन्स फॅक्टरी, यांतली माणसं निवृत्त होत अन् हातातलं काम गावात चालू ठेवत. आमच्या भागातल्या पंपांचे बुश, जीपचे दांडे यातल्या कितीतरी गोष्टी अशा पडव्यांतून निघाल्या. त्यांची नोंद कुठल्या गॅझेटिअरात सापडायची नाही.

काकांनी दांड्याला हातच लावला नाही. बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करून नुसतं पाहत बसले. मग दादाला म्हणाले, "भाऊ, इंजिन कुठं बसलंय?"

"रबरावर."

"अन् दांडा?"

"चासीवर."

"मंग इंजिन नाचू राह्यलं अन् दांडा जागेवर. तू दांडा धरून ठेवला म्हंजे गिअर इंजिनच सोडवून घेईन."

डिझेलचं इंजिन हादरतं, त्यात उताराला पाय सोडला की ते रबरावर दुसऱ्या अंगाला कलतं. दांड्याचं स्टँड चासीला खिळलेलं. फरक सळईवर येतो, सळई आतला शाफ्ट ओढते. शाफ्टाला जागेवर धरायला स्प्रिंगखाली एक छर्रा असतो, खाचेत बसणारा. आमची ती स्प्रिंगही थकलेली निघाली. काका म्हणाले, "वाफेच्या इंजिनाले पुढं-मागं करायचा दांडा क्याबमधी राहते, अन् काम होते चाकापाशी. मधी लांब सळई. पण तिची दोन्ही टोकं एकाच सांगाड्यावर."

त्यांनी स्टँड कापून टाकलं. तीन सूत जाडीची लोखंडी पट्टी घेऊन गिअरबॉक्सच्या झाकणाच्याच बोल्टांत आवळली, ती पुढं काढून तिच्यावर नवं स्टँड उभं केलं. आता इंजिन नाचलं तर दांडाही त्याच्याबरोबर नाचेल. गॅरेजवाल्यानं स्टँडाला जुन्या पाट्याचा तुकडा वापरला होता. काकांनी तो फेकला. पाट्याचं पोलाद वेल्डिंगपाशी ठिसूळ होतं अन् एक दिवस कट्‌कन तुटतं. सळईच्या टोकांना स्टेअरिंगचे बॉल जॉइंट लावले, पिनीला गनमेटलचा बुश लेथवर काढला, छऱ्याची स्प्रिंग नवी टाकली.

सळई त्यांनी पिनीच्या वर जोडली, म्हंजे गिअर सरळ झाले. दादा कुरकुरला, "काका, उलटेच राहू द्या, माझा हात बसलाय."

"तुझा बसलाय. उद्या तुले ताप आला अन् दुसरा बसला गाडीवर, तो डावीकडून पुढं ढकलून काय टाकीन?" मग पंच घेऊन त्यांनी मुठीच्या पितळी टोपणावर आकडे ठोकले, 1, 2, 3, 4 अन् रिव्हर्सचा आर. दादाला दोन आठवडे लागले हात बदलायला. त्या दिवसांत तो रिकामी गाडी शेताच्या वाटेनं फिरवायचा. डिझेल जाळतो म्हणून आई ओरडायची.

तो दांडा पुन्हा कधी सुटला नाही. म्हातारीचा हात थोडा वाकडाच राहिला, पण पुढं तिच्या नातीच्या लग्नाचं वऱ्हाड त्याच जीपमधून गेलं.

आता असं काम करणं सोपं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर आहे, आणि 2019 साली सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेत बदल नको असं स्पष्ट केलं. आमच्या उताराची आठवण असल्यानं मला त्यात वावगं वाटत नाही. मात्र सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या, म्हंजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालणारी छोटी गाडी बनवली, साठ हजारांच्या आसपास खर्चात. 2021 साली ती देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी ती गाडी घेऊन बदल्यात त्यांना बोलेरो दिली. टी.व्ही.वर ते पाहताना दादा म्हणाला, "दांडा कशावर उभा केलाय, ते दाखवत नाहीत."

माझ्या पुतण्याकडं आता छोटा मालवाहू टेम्पो आहे, केळी अन् भाजीच्या भाड्याचा. त्याच्या गिअरला सळई नाही, दोन केबल आहेत. एक आडव्या चालीची, एक पुढच्या-मागच्या. परवा बोदवडच्या रस्त्यावर त्यातली एक तुटली. इंजिन चालू, चाकं शाबूत, डिझेल भरलेलं अन् गाडी उभी. दादा पाहायला गेला, खाली वाकला, केबलचं तुटलेलं टोक बोटांत फिरवून पाहिलं. नवी केबल यायला दोन दिवस लागले. केळीचे घड तोवर दुसऱ्याच्या गाडीतून गेले.