बेसनात काय असते? लाखोरी डाळीचा इतिहास

भंडारा जिल्ह्यात धानकापणीच्या तोंडावर बांध्यांमधून फिरले तर एक गंमत दिसते. धान अजून उभे असते आणि त्याच्या बुंध्याशी दुसरेच पीक उगवून आलेले असते. कापणीपूर्वी ओल्या बांधीत बी नुसते फेकायचे, की काम झाले. नांगरट नाही, पाणी नाही. धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक हिवाळाभर वाढते आणि निळी फुले धरते. ही लाख किंवा लाखोरी. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्यांची डाळ होते, भुसा बैलांना जातो. डाळीत शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. उत्तरेकडे हिला खेसरी म्हणतात. शास्त्रीय नाव लॅथायरस सटायव्हस.

ही डाळ स्वस्त. तिचे पीठ हरभऱ्याच्या बेसनात मिसळले तर भज्यांच्या चवीवरून सहसा ओळखू येत नाही. एकदा जिल्ह्यातल्या एका टपरीवर मी सहज विचारले, "भाऊ, बेसन कशाचं?" तो हसून म्हणाला, "बेसन बेसनाचंच असते ना जी!" त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. पोते त्याच्याकडे त्याच नावाने आले होते.

पिठात नेमके काय मिसळले आहे हा प्रश्न जुना आहे. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गचा ड्यूक जॉर्ज याने १६७१ मध्ये या दाण्यांचे पीठ पावात घालण्यास मनाई केली होती, कारण तो पाव खाऊन लोकांचे पाय लुळे पडत. आपल्याकडचा सविस्तर वृत्तांत ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध असलेल्या स्लीमनने १८४४ च्या आपल्या पुस्तकात दिला. मध्य भारतातील काही खेड्यांत १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अवर्षणाने आणि १८३१ मध्ये रोगाने गहू बुडाला. टिकली ती फक्त लाख. लोक तिच्यावरच जगले, आणि १८३३ पासून तिशीच्या आतील तरुणांचे पाय कमरेखाली निकामी होऊ लागले. १८७३ मध्ये इटलीतील कांतानी या वैद्यकाने या रोगाला लॅथिरिझम हे नाव दिले.

या रोगात बुद्धी शाबूत राहते, स्पर्शही बहुधा कळतो. पण पायाचे स्नायू ताठरतात आणि रोगी काठीच्या आधाराने, टाचा उचलून चालू लागतो. हा पांगळेपणा सहसा परत जात नाही. कारणीभूत असलेले अमिनो आम्ल १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी वेगळे केले. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. चेतापेशी एकमेकींना संदेश देताना ग्लुटामेट वापरतात. ओडॅप त्याची नक्कल करते आणि पेशींना अतिउत्तेजित करून मारते. मात्र ते पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तर बराचसा भाग निघून जातो. रोग होतो तो महिनोन् महिने जेवणाचा मोठा हिस्सा याच डाळीचा असेल तेव्हा. भाताबरोबर वाटीभर वरण खाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आता सनावळीकडे पाहा. विष हाती लागले १९६४ मध्ये, बंदीचा नियम आला १९६१ मध्ये. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हे कलम घालून खेसरी, तिची डाळ, तिचे पीठ आणि हरभरा वा तुरीबरोबरचे तिचे मिश्रण विकण्यास मनाई करण्यात आली. बंदी कधी लागू करायची हे राज्यांवर सोपवले होते, आणि जिथे रोग अधिक होता अशा मध्य प्रदेशाने ती दीर्घकाळ लागू केलीच नाही. रीवा भागात वेठबिगार शेतमजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळे. आपण काय खातो हे त्या मजुराला पक्के ठाऊक होते, पण त्याला दुसरे काही मिळत नव्हते. शहरातल्या भजी खाणाऱ्याचे नेमके उलटे. त्याला निवड आहे, माहिती नाही.

मला बंदीचा दोष दिसतो तो इथे. बंदी विक्रीवर होती, लागवडीवर नव्हती. शेतकऱ्याने लाख पेरावी, घरी खावी, यात गुन्हा नाही. पण जे विकणेच गुन्हा, त्याचे नाव पोत्यावर कोण छापील? खरे नाव लिहिण्याची वाटच कायद्याने बंद केली आणि लाखोरी बेसनाच्या नावाखाली जाऊ लागली. कायद्यातली बेसनाची व्याख्या मात्र स्पष्ट आहे: फक्त हरभऱ्याच्या डाळीचे पीठ.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. विदर्भात पिढ्यान् पिढ्या लाख खाल्ली जाते आणि इथे पांगळेपणा दिसत नाही, हा त्यांचा मुद्दा. दरम्यान कमी ओडॅपचे वाण आले: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा रतन, रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे प्रतीक आणि महातिवडा. २०११ च्या केंद्रीय नियमांत जुनी बंदी तशीच उतरली. पुढे २०१५-१६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेकडून या वाणांना मोकळीक देण्याची शिफारस झाली. पण पिठाच्या पोत्यात रतन आहे की जुने गावठी बी, हे डोळ्यांना दिसणार नाही. म्हणजे नाव लिहिण्याचा प्रश्न पुन्हा आहेच.

हे फक्त बेसनाचे नाही. पिझ्झा आणि पावाच्या मैद्यात घातले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये परवानगीच्या यादीतून वगळले गेले, तेव्हा अनेकांनी ते नाव प्रथमच ऐकले. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी उपाहारगृहांच्या मेनूवर उष्मांक देणे बंधनकारक केले, पण ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून अधिक शाखा असलेल्यांना. गल्लीतले पिझ्झाचे दुकान आणि भज्यांची टपरी दोन्ही त्याबाहेर.

शाळेत एक चाचणी करता येते. थोड्या डाळीत किंवा पिठात ५० मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून भांडे मंद उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावे. गुलाबी रंग आला तर लाखोरीची शंका घ्यावी. मात्र मेटॅनिल यलो हा बेकायदा पिवळा रंगही आम्लाने गुलाबी होतो, आणि तो गरम न करताच, ताबडतोब होतो. म्हणून घड्याळ लावून बसावे, आणि शेजारी आपल्या डोळ्यांदेखत दळलेल्या हरभऱ्याच्या पिठाचा नमुना ठेवावा.