सर्पगंधा ते डायझेपाम

पुण्यातल्या कुठल्याही पेठेत औषधाच्या दुकानात अल्प्राझोलामची पट्टी मागितली, तर दुकानदाराने आधी डॉक्टरांची चिठ्ठी पाहायला हवी. २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीनुसार अशा विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. एवढा जाच याच गोळीला का? त्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर फार पूर्वीपासून देत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले. १९५२ मध्ये स्विस कंपनी सिबाने मुळीतून रिसर्पीन वेगळे केले आणि लवकरच ते मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले. पुढे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. (दोष औषधाचाच का, यावर वाद झाला.)

चिंतेसाठी मात्र निराळीच औषधे आली. १९५७ साली अमेरिकेत लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत आवराआवर चालली असताना बाजूला पडलेला एक पदार्थ तपासणीला गेला. तोच १९६० मधला लिब्रियम. १९६३ साली व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, आले. भारतात रॅनबॅक्सीने १९६९ साली ते 'काम्पोज' नावाने आणले. मेंदूतले 'गाबा' हे रसायन चेतापेशींना लगाम घालते. ही औषधे तो लगाम आवळतात. म्हणूनच न थांबणारे झटके, दारू सोडतानाचा त्रास, तीव्र घबराट यांत ती खरोखर उपयोगी पडतात.

पण मेंदू या लगामाला सरावतो. १९६१ साली लिओ हॉलिस्टर यांनी लिब्रियमचे मोठे डोस काही महिने घेणाऱ्या ११ रुग्णांना अचानक नकली गोळ्या दिल्या. दहा जणांना त्रास सुरू झाला, दोघांना झटके आले. व्हॅलियम बाजारात यायला तेव्हा दोन वर्षे होती! नेहमीच्या डोसनेही, दीर्घकाळ घेतल्यास, असेच होते हे पुढे दिसले. तोवर व्हॅलियम अमेरिकेतले सर्वाधिक खपाचे औषध होऊन गेले होते. इशारा नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. तो ऐकला गेला नाही.

दारूबरोबर घेतल्यास या गोळ्यांनी श्वास मंदावतो, वृद्धांचा तोल जातो. रोजची गोळी एकदम तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने कित्येक आठवडे थोडी थोडी कमी करावी. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आजीच्या डब्यातली अर्धी गोळी घेणाऱ्या विद्यार्थ्याला हेही सांगायला हवे, की ही औषधे नव्या आठवणी पक्क्या होऊ देत नाहीत.