चाकावरच्या चोवीस मेणबत्त्या

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला मराठी ख्रिस्ती समाजात ‘आगमनकाळ’ म्हणतात. आज या काळाचे रूप उत्सवी असले तरी मुळात तो अनुतापाचा, संयमाचा आणि कित्येक शतके उपवासाचाही काळ होता. ज्याच्या येण्याने आनंद व्हायचा, तो अद्याप आलेला नाही; तरीही आनंदी राहायचे, अशी या काळाची अपेक्षा असते. प्रौढ श्रद्धावंतालाही हे अवघड जाते. मग ज्याच्या वाट्याला आजवर कोणतेही पाळलेले वचन आलेले नाही, अशा मुलाला ते कसे शिकवावे? या प्रश्नाला एका शिक्षकाने १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये उत्तर दिले. त्या उत्तराचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

योहान हिनरिख विखेर्न यांचा जन्म १८०८ सालचा. वयाच्या पंधराव्या वर्षी वडील वारले आणि घर चालवण्यासाठी त्यांना शिकवण्या धराव्या लागल्या. म्हणजे शिक्षकी त्यांच्याकडे ध्येय म्हणून येण्याआधी गरज म्हणून आली. पुढे ग्योटिंगन आणि बर्लिन येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन ते हॅम्बुर्गला परतले आणि सांक्ट गेओर्ग या भागातील रविवारच्या शाळेत शिकवू लागले. मुलांच्या घरी जाणे हा त्या कामाचाच भाग होता. श्रीमंत बंदराच्या पाठीमागच्या गल्ल्यांतली उपासमार, दारू आणि बेवारस बालपण त्यांनी तिथे पाहिले. आठवड्यातून एक तास शिकवून काही साधणार नाही, हे त्यांना कळून चुकले.

१८३३ साली हॅम्बुर्गजवळच्या हॉर्न या गावात, कार्ल झीवेकिंग यांनी दिलेल्या गवताने शाकारलेल्या घरात, ते आईसह राहायला गेले. हेच ‘राउहेस हाउस’. वर्षअखेरपर्यंत तिथे बारा मुलगे आले. त्या काळच्या सुधारगृहांपेक्षा ही जागा निराळी होती. भोवती भिंत नव्हती, दाराला कुलूप नव्हते. संख्या वाढू लागली तशी दहा-बारा मुलांची ‘कुटुंबे’ करण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबात मोठ्या भावासारखा एक तरुण साहाय्यक राहू लागला. शिक्षणाबरोबर सुतारकाम, चांभारकाम असे हाताचे उद्योगही होते. मुलाचा भूतकाळ त्याच्यापुढे पुन्हा मांडायचा नाही, हा इथला दंडक होता.

आता १८३९ चा डिसेंबर. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारीत, ही हकीकत त्या संस्थेत आजही सांगितली जाते. विखेर्न यांनी एक जुने गाडीचे चाक घेतले आणि त्यावर चार मोठ्या पांढऱ्या व वीस लहान तांबड्या मेणबत्त्या बसवून ते प्रार्थनेच्या दालनात टांगले. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरलाच होता. त्यामुळे २४ तारखेपर्यंत रविवार चार आणि इतर दिवस वीस, असा हिशेब नेमका जुळतो. रोजच्या उपासनेत एक ज्योत वाढे. रविवारी मोठी, एरवी लहान.

इथे प्रवचनाचे काम गणिताने केले. लहान मुलाला ‘लवकरच’ या शब्दाचा अर्थ लावता येत नाही. फसवल्या गेलेल्या मुलाला तर त्या शब्दाचा रागच येतो. चाकावर मात्र किती दिवस गेले आणि किती उरले, हे डोळ्यांना दिसत होते. शांती म्हणजे प्रतीक्षेची अखेर, असे आपण सहसा मानतो. या दालनात शांती प्रतीक्षेच्या मोजणीतूनच येत होती, आणि ती रोज थोडी वाढत होती.

तथापि विखेर्न यांचे चित्र केवळ उजळ रंगवणे अन्यायाचे होईल. १८४८ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये कम्युनिस्ट जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विट्टेनबर्ग येथील चर्चपरिषदेत विखेर्न यांनी ‘अंतर्गत मिशन’ची हाक दिली. गरिबीचे मूळ त्यांना मुख्यतः ईश्वरविन्मुखतेत दिसले. क्रांतीला तर त्यांचा ठाम विरोध होता. त्यामुळे दरिद्र्यांना शिकवलेली ही प्रतीक्षा म्हणजे निमूट सोसण्याचाच पाठ नव्हे काय, असे विचारणे रास्त आहे. विखेर्न यांच्या राजकीय विचारात या आक्षेपाला समाधानकारक उत्तर सापडत नाही. त्यांच्या चाकात मात्र ते काही अंशी सापडते. जिला तारीख नसते अशी प्रतीक्षा सांगणारा सत्ताधारी असू शकतो. तारीख लिहून देणारा शिक्षक स्वतःच बांधला जातो. चोविसावी ज्योत लागल्यावर सण झालाच पाहिजे. न झाल्यास खोटा ठरतो तो शिक्षक. मुलांइतकीच ती मोजणी विखेर्न यांच्यावरही बंधन घालीत होती.

कालांतराने चाकाभोवती देवदाराच्या फांद्या आल्या, चोवीस मेणबत्त्यांच्या जागी चारच उरल्या आणि ते घरोघरच्या मेजावर मावू लागले. १९२५ साली कोलोन येथील एका कॅथलिक चर्चमध्येही असे कडे टांगले गेले. प्रॉटेस्टंट शिक्षकाने बेघर मुलांसाठी केलेली सोय दोन्ही पंथांची परंपरा झाली.

या प्रवासात वगळल्या गेल्या त्या वीस लहान मेणबत्त्या. रविवार उरले, सोमवार ते शनिवार गळाले. वर्ग मात्र भरतो तो याच दिवशी. शिक्षकाच्या वाट्याला येणारा आनंद बहुधा त्या तांबड्या मेणबत्त्यांच्या मापाचा असतो: रोज एक, लहानशी, आणि आदल्या दिवशीच्या ज्योतीशेजारी लावलेली.