संकटसमयीचे सहा तास : जहाजावरील राखीव बॅटरीचा इतिहास

१/७
२३ जानेवारी १९०९ ची पहाट. अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ दाट धुक्यात ‘फ्लोरिडा’ हे जहाज ‘रिपब्लिक’ या प्रवासी जहाजावर आदळले. ‘रिपब्लिक’च्या इंजिनघरात पाणी शिरले, डायनॅमो थांबले आणि जहाजभर अंधार पसरला.

२/७
बिनतारी यंत्रचालक जॅक बिन्स याच्याकडे उरली ती केवळ राखीव बॅटरी. मोडक्या खोलीत, कडाक्याच्या थंडीत तो तासन्‌तास ‘सीक्यूडी’ हा संकटसंदेश पाठवीत राहिला. किनाऱ्यावरील केंद्राने तो ऐकला. संध्याकाळी ‘बाल्टिक’ हे जहाज मदतीस पोहोचले आणि सुमारे १,५०० प्राण वाचले.

३/७
१९१० मध्ये अमेरिकेने कायदा केला : ५० वा अधिक माणसे नेणाऱ्या सागरी जहाजांवर किमान १०० मैल पल्ल्याचे बिनतारी यंत्र असलेच पाहिजे. मात्र डायनॅमो बंद पडल्यावर त्या यंत्राला वीज कोठून मिळणार, याविषयी कायदा मौन बाळगून होता. बिन्सला तारणाऱ्या बॅटरीचा त्यात उल्लेखही नव्हता.

४/७
१५ एप्रिल १९१२. ‘टायटॅनिक’चे ५ किलोवॅटचे मुख्य यंत्र जहाजाच्याच विजेवर चालत असे. अभियंत्यांनी जवळजवळ अखेरपर्यंत डायनॅमो चालू ठेवले, म्हणूनच फिलिप्स आणि ब्राइड यांना सुमारे दोन तास संदेश पाठविता आले. त्या अभियंत्यांपैकी एकही वाचला नाही. ‘कार्पेथिया’ पोहोचले ते पहाटे चारच्या सुमारास, पहिल्या हाकेनंतर जवळपास पावणेचार तासांनी.

५/७
त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने कायदा सुधारला. जहाजाच्या मुख्य विजेपासून स्वतंत्र आणि किमान चार तास पुरेल असा वीजपुरवठा बंधनकारक झाला. जानेवारी १९१४ मध्ये लंडन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात हीच मुदत सहा तास ठरली. महायुद्धामुळे तो करार अमलात आला नाही; आकडा मात्र टिकला.

६/७
तासांवरून बॅटरीचा आकार कसा ठरतो? संदेश पाठविताना वीज पुष्कळ लागते, ऐकताना अत्यल्प. म्हणून आजचा आंतरराष्ट्रीय नियम पाठविण्याच्या प्रवाहाचा निम्मा भाग, ऐकण्याचा पूर्ण प्रवाह आणि इतर जोडलेल्या उपकरणांचा प्रवाह यांची बेरीज धरतो. समजा, रेडिओ पाठविताना ६ अँपिअर आणि ऐकताना ०.५ अँपिअर घेतो, अन्य उपकरण नाही. बेरीज ३.५ अँपिअर, सहा तासांसाठी २१ अँपिअर-तास. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिला मारक असते. निम्मीच क्षमता वापरायची ठरविली, तर ४२ अँपिअर-तासांची बॅटरी हवी.

७/७
आज नियमानुसार स्वतंत्र आपत्कालीन वीजव्यवस्था असलेल्या जहाजाला रेडिओसाठी एक तासाची राखीव वीज पुरते. ती नसेल, तर मुदत आजही तीच आहे : सहा तास.