बुलेटला अलॉय बसवू का? चाकाच्या दोनशे वर्षांचे उत्तर

#थ्रेड

१/ मागच्या महिन्यात चुलतभावाने विचारले, "दादा, बुलेटची आऱ्यांची चाके काढून हलकी अलॉय बसवू का? इतिहासवाले काय म्हणतात?" प्रश्न थट्टेचा होता. उत्तर शोधताना मात्र थेट १८०८ सालापर्यंत जावे लागले.

२/ गॉटलीब डाइमलर यांची १८८५ची 'राइटवागन' ही पेट्रोल इंजिनावर चालणारी आरंभीची दुचाकी. तिची चाके लाकडी होती आणि त्यांवर आपल्या बैलगाडीसारखी लोखंडी धाव होती. लाकडी आरा दाबाखाली भार पेलतो, म्हणून तो जाड लागतो. तारेचा आरा ताणाने भार पेलतो, म्हणून तो बारीक चालतो. हा ताणाचा विचार सर जॉर्ज केली यांनी १८०८मध्ये उडत्या यंत्राच्या हलक्या चाकासाठी मांडला होता. असे यंत्र उडायला तेव्हा जवळजवळ शतक बाकी होते!

३/ कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४मध्ये आरे तुंब्यातून सरळ बाहेर न काढता स्पर्शिकेसारखे तिरके लावले. त्यामुळे तुंबा फिरवणारा जोर ताणाच्या रूपाने कडेपर्यंत पोहोचू लागला. सायकलसाठी केलेली ही रचना मोटारसायकलीने उचलली आणि अनेक दशके सांभाळली. तिचा खरा गुण गॅरेजमध्ये कळतो. आरा तुटला तर तेवढाच बदलता येतो. रिम थोडी आउट झाली तर आरे कसून-सैल करून ती सरळ करता येते.

४/ मग ती सोडली कशासाठी? ७५० सीसीची इंजिने, डिस्क ब्रेक आणि रुंद टायर आले, तेव्हा आऱ्यांचे चाक त्या जोराखाली लवू लागले. शिवाय रिमला आऱ्यांची भोके, म्हणून ट्यूब अपरिहार्य. १९७०च्या दशकात शर्यतींत मॅग्नेशियमची ओतीव चाके रुळली. १९७६च्या यामाहा आरडी ४००वर ओतीव ॲल्युमिनियमची चाके कारखान्यातूनच आली. होंडाने 'कॉमस्टार'मध्ये मधली वाट काढली: ॲल्युमिनियमची कडा आणि पत्र्याचे आरे रिव्हेटने जोडलेले. मला ते चाक दिसायला कधीच आवडले नाही; पण सीएक्स ५००वर ट्यूबलेस टायर बसले ते त्याच्याच आधाराने.

५/ हलकेपणाचा एवढा हव्यास का? गाडी वेग घेते तेव्हा चाक पुढेही जाते आणि फिरतेही. म्हणून कडेवरचे एक किलो वजन वेग घेताना गाडीच्या अंगावरच्या जवळजवळ दोन किलोंइतके जड पडते. तुंब्याजवळ वाचवलेल्या वजनाचा फायदा त्या मानाने थोडा. जाहिरातीत चाकाचे एकूण वजन सांगतात. ते कुठे घटले, हे आपणच विचारावे लागते.

६/ मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७०. पण मॅग्नेशियम लवकर गंजते. रंग उडालेले जुने चाक तडे तपासल्याशिवाय वापरू नये. ओतीव धातूत बारीक छिद्रे राहू शकतात. घडीव चाक प्रचंड दाबाखाली घडते, धातू घट्ट बसतो आणि तेवढ्याच बळासाठी कमी धातू पुरतो. म्हणूनच ते महाग.

आणि कार्बन? २०१७च्या बीएमडब्ल्यू एचपी४ रेसवर कार्बनची चाके होती. मोटोजीपीत मात्र कार्बनच्या ब्रेक डिस्क चालतात, कार्बनची चाके चालत नाहीत.

७/ आता बुलेट. रॉयल एनफिल्डने स्वतःची अलॉय चाके दिली ती २०१८च्या थंडरबर्ड एक्सवर. त्याआधी हौशी मंडळी बाजारातली चाके बसवत. भावाला स्वस्तात मिळत होती तीही तसलीच, बनवणाऱ्याचे नाव नसलेली ओतीव. पावसाळ्यात खड्ड्यात आपटली की आऱ्यांची रिम बहुधा वाकते. असे ओतीव चाक तडकू शकते आणि तडा गेला की ट्यूबलेसची हवा क्षणात जाते. वरंध घाटाच्या वळणावर हे घडले तर काय, एवढेच मी त्याला विचारले.

८/ गंमत म्हणजे आरे पुन्हा परतले आहेत. बीएमडब्ल्यूने १९८७च्या आर १०० जीएसवर ते रिमच्या बाहेरच्या काठांना अडकवले. हवेच्या जागेत भोकच उरले नाही आणि आऱ्यांच्या चाकावर ट्यूबलेस टायर बसला.

भावाने अखेर मूळचीच चाके ठेवली. वाचलेल्या पैशांत दोन्ही टायर नवे घेतले आणि सैल झालेले आरे कसून घेतले.