रोखलेली बातमी आणि निसटलेली बातमी : राजदीप सरदेसाई यांची कारकीर्द

२२ जुलै २००८. अमेरिकेशी अणुकरार करण्यावरून डाव्यांनी पाठिंबा काढून घेतला होता आणि लोकसभेत मनमोहन सिंग सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाची चर्चा चालू होती. अचानक भाजपचे तीन खासदार नोटांची पुडकी घेऊन पुढे आले. मतदानापासून दूर राहण्यासाठी ही लाच मिळाली, असा त्यांचा आरोप होता. सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले.

या प्रकरणाचे गुप्त चित्रण सीएनएन-आयबीएन या वाहिनीकडे होते. ते त्या दिवशी दाखवले गेले नाही.

वाहिनीचे मुख्य संपादक होते राजदीप सरदेसाई. वडील मडगावचे दिलीप सरदेसाई, १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ६४२ धावा काढणारे. मुलगाही ऑक्सफर्डकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळला. पण १९८८ मध्ये तो मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त रुजू झाला आणि १९९४ मध्ये एनडीटीव्हीत जाऊन राजकीय वार्ताहर म्हणून देशाला परिचित झाला. १९९८ मध्ये स्टार न्यूजची अहोरात्र वाहिनी सुरू झाली. २००२ च्या गुजरात दंगलीचे त्यांचे वार्तांकन हा या टप्प्यातील सर्वांत जोखमीचा भाग. २००५ मध्ये सीएनएन-आयबीएन आली आणि घटनास्थळी उभा राहणारा वार्ताहर संपादकाच्या खुर्चीत बसला.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. म्हणजे जिल्हा आणि अहोरात्र बातम्या जवळपास एकाच वयाच्या. तरीही हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाक्यासारख्या, मराठवाडा-विदर्भाच्या शिवेवरच्या गावाला चोवीस तासांच्या बातम्या मराठीत मिळाल्या त्या २००७ पासून. आधी झी २४ तास, मग स्टार माझा आणि २००८ मध्ये सरदेसाईंच्याच समूहाने लोकमतसह काढलेली आयबीएन लोकमत.

त्याच वर्षी हे चित्रणाचे प्रकरण घडले. तपास अपुरा आहे, असे सांगून वाहिनीने चित्रफिती लोकसभाध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांच्या स्वाधीन केल्या; प्रक्षेपण झाले ते ऑगस्टमध्ये. सरकारला वाचवल्याचा ठपका भाजपने ठेवला. पडताळणीविना बातमी न देणे हा वार्ताहराचा धर्मच. परंतु मतदान उरकल्यावर दाखवलेल्या चित्रणाचे मोल ते काय, हा आक्षेपही खोडून काढता येत नाही.

२०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सच्या ताब्यात गेले. सरदेसाईंनी राजीनामा दिला आणि ते इंडिया टुडे समूहात गेले.

२६ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीतील शेतकरी मोर्चात एका तरुणाचा मृत्यू झाला. तो पोलिसांच्या गोळीबारात झाला, असे सरदेसाईंनी ट्विटरवर लिहिले. ट्रॅक्टर उलटल्याचे चित्रण पोलिसांनी पुढे आणल्यावर त्यांनी तो मजकूर काढला. यावेळी पडताळणीला मिनिटांचाही अवधी मिळाला नव्हता; किंबहुना तो घेतला गेला नव्हता. वाहिनीने त्यांना दोन आठवडे पडद्यापासून दूर ठेवले. अनेक राज्यांत गुन्हे नोंदवले गेले, त्यांत राजद्रोहाचेही कलम होते. एका चुकीच्या ट्विटला राजद्रोह म्हणणे हा अतिरेकच. ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अटकेला स्थगिती दिली.

सरदेसाई पुन्हा पडद्यावर परतले. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभा निवडणुकांवर त्यांची स्वतंत्र पुस्तके आहेत.