लॅग (ऑनलाइन खेळ)

लॅग म्हणजे ऑनलाइन खेळात खेळाडूने दिलेली आज्ञा आणि तिचा पडद्यावर दिसणारा परिणाम यांमध्ये जाणवणारा विलंब होय. हा विलंब मिलिसेकंदांत मोजतात. त्यासाठी माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेली ‘पिंग’ ही आज्ञावली आजही वापरली जाते.

अधिक वेगाची जोडणी घेतली की लॅग जातो, हा समज बहुधा फोल ठरतो. खेळाला माहिती थोडीच लागते. ती वेळेवर पोहोचावी लागते.

दोष शोधताना प्रथम राउटरपर्यंतचे पिंग पाहतात. तेथेच आकडे वरखाली होत असल्यास दोष बहुधा घरातील वाय-फायमध्ये असतो. ते स्थिर असून बाहेरच्या सर्व्हरचे पिंग वाढत असल्यास दोष पुढे असतो. किंवा घरातच कोणी मोठी फाइल अपलोड करीत असल्याने राउटरमध्ये माहितीची रांग लागलेली असते. या रांगेमुळे होणाऱ्या विलंबास ‘बफरब्लोट’ म्हणतात.

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे, इतकेच नव्हे तर मायक्रोवेव्ह ओव्हनही अडथळा आणतात. तेथे परस्परांत न मिसळणारी चॅनेल सामान्यतः तीनच (१, ६ व ११) मिळतात. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेल अधिक असली, तरी त्याचे संकेत भिंतींमुळे लवकर क्षीण होतात. राउटरपासून थेट इथरनेट केबल जोडल्यास वाय-फायचा प्रश्नच उरत नाही. बफरब्लोट मात्र केबलनेही जात नाही.